वाडीत दुपारचा मोफत सिनेमा चालू करायचाय? मग हे वाचा

आपल्याकडे कोकणात रात्र आधीच भरलेली असते. दशावतार रात्री, नमन-खेळे रात्री, भजनाची डबलबारी रात्री, आणि ते तसंच असावं, त्यात वादच नाही. पण सिनेमापण रात्रीच ठेवला की कोण येतं ते एकदा लक्ष देऊन बघा. तरुण पोरं येतात, बाईकवाले येतात, आणि ज्यांना खरंच बघायचं असतं त्या वरच्या वाडीतल्या आज्या, गुडघे धरलेले आजोबा, पोर कडेवर असलेल्या बायका घरीच राहतात, कारण काळोखातून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून परत जायचं, वाटेत जनावराचं भय, आणि शेवटची एसटी तर केव्हाच गेलेली. दुपारी जेवणं आटोपली, भांडी झाली, की संध्याकाळच्या चहापर्यंत घरातल्या बाईला जो काय थोडा मोकळा वेळ मिळतो तोच तिचा स्वतःचा वेळ. आमचा दुपारचा सिनेमा त्या वेळेसाठी आहे, आणि खाली जे काय लिहितोय ते सगळं याच हिशोबाने वाचा. तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच टॉकीज बंद पडल्या, मॉल लांब, मोबाईलवर एकेकट्याने बघणं हे काय सिनेमा बघणं नव्हे, त्यामुळे सभागृहात पन्नास-साठ जणांनी एकत्र बसून बघायची सोय गावातच झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी वेळ आणि वार. अडीचला सुरू आणि पाचच्या आत सगळे मोकळे, हे गणित सोडू नका. त्यात सिनेमा दोन तासांचा, मधे दहा मिनिटं. सिनेमा अडीच तासांचा असेल तर दोनलाच सुरू करा पण शेवट पुढे ढकलू नका, कारण कोणाची गुरं असतात, कोणाला पाणी भरायचं असतं, कोणाची सव्वापाचची गाडी असते, आणि शेवटची वीस मिनिटं चुकली की माणूस पुढच्या वेळी येत नाही. शुक्रवार दुपार टाळा, जुम्म्याची नमाज असते आणि मोहल्ल्यातली मंडळी हवी असतील (हवीच आहेत) तर त्यांच्या वेळेवर कार्यक्रम ठेवू नये. आठवडा बाजाराचा वारपण नको. शाळा मोकळी मिळते म्हणून रविवार सोयीचा, पण घरात सगळे असतात आणि बाईला रविवारीच जास्त काम पडतं, तेव्हा सभागृह मिळत असेल तर शनिवार किंवा मधला एखादा वार बघा. एकदा वार ठरला की तोच, म्हणजे महिन्याचा दुसरा शनिवार तर दरमहा दुसरा शनिवार. तारीख सारखी बदलली तर लोकांच्या डोक्यात बसत नाही.

मोसमाचं म्हणाल तर गावागावाचं वेगळं असतं. मच्छीमार गाव असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली, तेव्हा दुपारी गर्दी होते. शेतीचं गाव असेल तर त्याच जुलैत लावणी चालू असते आणि चिटपाखरू येणार नाही, तिथे श्रावणात ठेवा, नाहीतर भातकापणी उरकल्यावर. आंब्याची गडबड असलेल्या गावात एप्रिल-मे अवघड, पण मे महिन्यात चाकरमानी आणि पोरं आलेली असतात म्हणून एखादा पोरांचा सिनेमा ठेवता येतो. गणपतीत आणि शिमग्यात नाव काढू नका.

जागा निवडताना लोक पहिलं देऊळ म्हणतात, कारण सभामंडप मोठा, पंखे असतात, मधोमध असतो. माझं मत वेगळं आहे. देवळात सगळ्या वाड्या येतातच असं नाही, बौद्धवाडीतली, मोहल्ल्यातली माणसं संकोच करतात, शिवाय कुठला सिनेमा चालेल कुठला नाही याच्यावर गावकीत चर्चा सुरू होते आणि मूळ काम राहतं बाजूला. त्यापेक्षा वाचनालयाचं सभागृह, ग्रामपंचायतीचा हॉल, समाजमंदिर किंवा मराठी शाळेचा मोठा वर्ग बघा. आपल्या भागाला वाचनालयांची जुनी परंपरा आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, आणि तालुक्या-तालुक्यातल्या वाचनालयांकडे अशी एखादी खोली असतेच जी दुपारी रिकामी असते. ग्रामपंचायतीला साध्या कागदावर अर्ज द्या, त्यात कार्यक्रम मोफत आहे, कुठलंही तिकीट नाही, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार, साफसफाई कोण करणार हे लिहा आणि पोच घ्या. शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांना विचारा. पोलीस पाटलांना तोंडी सांगून ठेवा, आणि पोलीस ठाणं व तहसील कचेरीत एकदा विचारून घ्या की अशा कार्यक्रमाला तुमच्याकडे काय कागद लागतो, ते काम पहिल्याच वेळी करून टाकलं की पुढे त्रास नाही. जागा बघायला जाल तेव्हा संडास आहे का, पाणी आहे का, पायऱ्या किती, हे बघा. ज्येष्ठ माणसं दोन तास बसणार आहेत, संडास नसलेली जागा कितीपण चांगली असली तरी माझ्यामते रद्द.

आता खरा विषय, अंधार. दुपारच्या सिनेमात नव्वद टक्के मेहनत हीच आहे आणि लोक नेमकं इथेच कमी पडतात, मग मोठा प्रोजेक्टर घ्यायला धावतात. एक साधी गोष्ट समजून घ्या. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना भर दुपारी तुमचा पडदा जेवढा उजळ दिसतो, तेवढाच सिनेमातला काळा रंग दिसणार, त्याहून काळा नाही. रात्रीचा प्रसंग असेल, कंदिलाच्या उजेडातला चेहरा असेल, तर तो धुतल्यासारखा फिका पडतो आणि मागच्या रांगेला कोण बोलतंय तेच कळत नाही. म्हणून प्रोजेक्टर आणायच्या आधी दुपारी तीन वाजता त्या खोलीत जा, दारं-खिडक्या लावा, पडद्याच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्याच्यावर हाताची सावली पडते का बघा. स्पष्ट सावली पडली म्हणजे कुठूनतरी थेट उजेड येतोय. सावलीच्या उलट दिशेला बघत जा, भोक सापडतं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तीननंतर ऊन पश्चिमेच्या दारा-खिडक्यांतून तिरकं आत येतं आणि सरळ पूर्वेच्या भिंतीवर पडतं. म्हणून जमत असेल तर पडदा पश्चिमेच्या भिंतीला लावा, प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसतील, आणि शिल्लक उजेड आला तरी तो पडद्याच्या पाठीमागून येईल. पडद्यामागे खिडकी असेल तर ती मात्र पूर्ण बंद पाहिजे, नाहीतर कापडातून उजेड झिरपतो.

खिडक्या बंद करायला निळी ताडपत्री वापरू नका, तिच्यातून उजेड आरपार येतो आणि सगळी खोली निळी होते, चेहरे आजारी दिसतात. कलिंगडाच्या शेतात वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर, एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने काळा, तो सगळ्यात भारी. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. ऊन बाहेरच परततं म्हणून खोलीपण कमी तापते. शेतीच्या दुकानात रोल मिळतो, आणि गावात कोणी कलिंगड लावत असेल तर उरलेला तुकडा फुकटसुद्धा मिळून जातो. पातळ असतो म्हणून दुहेरी घ्या. छोट्या खिडक्यांना आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके उलगडून मापात कापून बसवा, प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे खडूने लिहा कुठल्या खिडकीचा ते, म्हणजे पुढच्या महिन्यात दहा मिनिटांत काम होतं. कौलारू जागा असेल तर वर बघा, उजेडासाठी एखादं काचेचं कौल घातलेलं असतं, त्याचा बरोबर एक झोत खाली पडतो आणि ऊन सरकेल तसा तो झोत फिरत फिरत पडद्यावर येतो. शिडी लावून त्याच्यावर आतून पुठ्ठा टाका.

पण सगळं घट्ट बंद केलं की माणसं उकडतात. आपली दमट हवा, त्यात साठ माणसं आणि मे महिना, चक्कर येईल कोणालातरी. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, ऊनपण तिकडूनच, म्हणून तिथली एखादी खिडकी पूर्ण उघडी ठेवा आणि तिच्या आत हातभर अंतरावर काळं कापड टांगा, खिडकीपेक्षा सगळ्या बाजूंनी फूटभर मोठं. वारा कडेने आत येतो, उजेड कापडावर अडतो. समोर पूर्वेच्या खिडक्या त्या वेळी सावलीत असतात, त्यांनापण असाच आडोसा करून हवा बाहेर जायला वाट ठेवा. दाराला दोन पडदे लावा, एक चौकटीवर आणि दुसरा चार फूट आत, म्हणजे मधेच कोणी आलं तरी पहिला पडदा मागे पडल्यावरच दुसरा उघडतो. आणि दाराला कडी-कुलूप कधीही लावायचं नाही, बाहेर जायच्या दोन वाटा मोकळ्या पाहिजेत, त्या वाटेत खुर्ची नको, चपलांचा ढीग नको. यात तडजोड करू नका.

पडद्याला सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गुळगुळीत भिंतीवर पांढरा रंग, चकाकी नसलेला. ते शक्य नसेल तर जाडसर पांढरं कापड दुहेरी शिवून घ्या, वर-खाली बांबू किंवा प्लास्टिकचा पाइप घालायला नेफा ठेवा, खालच्या पाइपात वाळू भरा, नाहीतर वाऱ्याने पडदा पोटासारखा फुगतो आणि माणसाचा चेहरा वाकडा होतो. नुसती चादर लावू नका, अर्धा उजेड मागे निघून जातो. फ्लेक्स चकाकतो, मधोमध पांढरा डाग दिसतो, तोपण नको. चारी बाजूंनी वीतभर काळ्या कापडाची पट्टी लावा, चित्र लगेच उठून दिसतं, करून बघा.

माप सांगतो. ८ फूट रुंद पडदा असेल तर आजच्या सिनेमाला उंची साडेचार फूट येते. खालची कड जमिनीपासून निदान तीन-चार फूट वर पाहिजे, कारण आपल्याकडे पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, आणि पुढच्याच्या डोक्यामागे सबटायटल गेलं की मागचा माणूस कंटाळतो. पहिली रांग पडद्यापासून दहा-बारा फुटांवर. सबटायटल असतील तर पंचवीस-तीस फुटांच्या पलीकडे बसवू नका, वाचता येत नाही. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, म्हणजे साडेचार फूट उंचीला सहा फूट रुंदी, ते ताणून पडदाभर करू नका, माणसं जाडी आणि बुटकी दिसतात. कडेला काळं राहिलं तर राहू द्या.

प्रोजेक्टर विकत घ्यायची घाई नको. पंचायतीकडे, शाळेकडे, एखाद्या संस्थेकडे पडून असतो, नाहीतर तालुक्याला भाड्याने मिळतो. खोली चांगली काळोखी केली असेल तर ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) शाळेतला प्रोजेक्टर ८ फुटी पडद्याला भरपूर होतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्या छोट्या डब्यांवर हजारो ल्युमेन छापलेले असतात, त्याच्यावर जाऊ नका, दुपारी प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माहितीपत्रकात थ्रो रेशो म्हणून आकडा असतो, दीड असेल तर ८ फूट चित्राला ८ गुणिले दीड म्हणजे १२ फूट अंतर लागतं. हे १२ फूट म्हणजे बरोबर पहिल्या रांगेपाशी येतं, तेव्हा मधे वाट सोडून उंच स्टुलावर ठेवा किंवा वरच्या वाशाला पक्का टांगा. खालून तिरका मारून मग कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करायची प्रोजेक्टरमधली सोय) सरळ करत बसू नका, चित्र मऊ होतं. जमेल तेवढा पडद्यासमोर सरळ ठेवा. वायर जमिनीवरून जात असेल तर पूर्ण लांबीला चिकटपट्टी मारा आणि वर पायपुसणं टाका, काळोखात आजीचा पाय अडकला तर सगळं सोडून आपल्याला धावावं लागेल.

आवाजाबद्दल माझं ठाम मत आहे की चित्र थोडं फिकं चालेल पण संवाद कळलेच पाहिजेत. लग्नातल्या डीजेचे बॉक्स आणू नका, त्यांच्यात धडधड जास्त आणि बोलणं कमी. साधे दोन स्पीकर, पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर, तोंड मागच्या रांगेकडे. साउंड मिक्सरवर बास, म्हणजे तो धडधडणारा जाड आवाज, खाली घ्या. उघड्या भिंतींचा हॉल घुमतो, एक अक्षर धड कळत नाही, तेव्हा मागच्या भिंतीला गोधड्या टांगा, बचत गटाच्या बायका हौसेने आणून देतात आणि हॉल छानपण दिसतो. माणसं भरल्यावर घुमणं आणखी कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये आवाज ऐकून घाबरू नका. ब्लूटूथ नको, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, वायरच लावा. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो अर्थिंगचा घोळ आहे. चार्जर काढून बघा, आवाज गेला तर सिनेमा बॅटरीवर चालवा आणि मध्यंतरात चार्ज करा, नाहीतर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट बघूनच जागा ठरवा, ती म्हणजे छप्पर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उत्तरेकडच्या आपल्या किनाऱ्यावर कितीतरी छपरं उडाली आणि अनेक ठिकाणी कौलांच्या जागी पत्रे आले. पत्र्यावर आपला जुलैतला पाऊस सुरू झाला की स्पीकर फुल करूनसुद्धा काही ऐकू येत नाही. पत्र्याचा हॉल असेल तर पावसाळ्यात स्लॅबची जागा शोधा, शाळेची खोली छोटी असली तरी चालेल, दोन खेळ करा पाहिजे तर.

लाईट. ही जाणारच असं धरून चला. देखभालीसाठी तुमच्या फीडरवर (गावाला वीज आणणारी लाइन) कुठल्या वारी लाईट घालवतात ते गावातल्या वायरमनला विचारा, तोच खरी माहिती देतो, आणि त्यालापण सिनेमाला बोलवा. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना लाईट गेली की आतला पंखापण बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, असं दोन-चारदा झालं की दिव्याचं आयुष्य संपतं. म्हणून कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस मधे लावा, लाईट गेली तरी तो काही मिनिटं बॅटरीवर वीज देतो, तेवढ्या मिनिटांत प्रोजेक्टर नीट बंद करून थंड करता येतो. सिनेमा चालूच ठेवायचा असेल तर घरगुती इन्व्हर्टर बघा. प्रोजेक्टर ३००, स्पीकर आणि लॅपटॉप मिळून १००, असे ४०० वॅट धरा. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले हाती १२०० च्या आसपास लागतात, म्हणजे साधारण तीन तास, सिनेमा पुरा होतो. बॅटरी चांगली आणि पूर्ण भरलेली पाहिजे, पंखे त्याच्यावर टाकू नका. मंडळाचा जनरेटर असेल तर तो लांब, इमारतीच्या पलीकडच्या बाजूला, धूर आत येणार नाही असा ठेवा आणि जाड केबल वापरा.

आता सिनेमा कुठला आणि कुठून. इथे खूप जणांचा गैरसमज आहे की आपण पैसे घेत नाही म्हणजे परवानगी लागत नाही. लागते. सिनेमा लोकांना दाखवायचा हक्क निर्मात्याचा असतो, तिकीट असो नसो. ओटीटीचं वर्गणीचं अकाउंट घरच्या बघण्यासाठी असतं, सीडी विकत घेतली तरी ती घरासाठीच, आणि टेलिग्रामवरून उतरवलेली कॉपी तर चोरीच आहे, वाचनालयाच्या नावाने ती लावू नये असं मला वाटतं. शाळेच्या कार्यक्रमात प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण सगळ्या गावाला बोलावलं की ती सूट लागू होत नाही.

जुन्या सिनेमाचं असं आहे, १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ १९५३ चा, म्हणजे चित्रपट म्हणून त्याचा हक्क २०१३ अखेर संपला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला हा सिनेमा, गोष्ट आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींची, आपल्या सभागृहात याच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे. मात्र संवाद आणि गाण्यांचे हक्क वेगळे मोजतात, लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि या सिनेमाचे लेखक-दिग्दर्शक आचार्य अत्रे गेले १९६९ ला, म्हणून जुन्या सिनेमालासुद्धा हक्क सांगणारं कोणी आहे का ते शोधून एक पत्र टाकून ठेवावं हे बरं. चांगली स्वच्छ कॉपी मिळवायलापण तोच मार्ग आहे.

नव्या सिनेमासाठी सरळ निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला मेल करा. मोठ्या कंपन्या उत्तर देत नाहीत किंवा पैसे सांगतात, पण छोट्या मराठी सिनेमांचे, माहितीपटांचे दिग्दर्शक खूप वेळा आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांच्या सिनेमाला थिएटरच मिळालेलं नसतं. मेलमध्ये गोलगोल लिहू नका, एवढंच लिहा की गावाचं नाव हे, जागा ही, तारीख ही, अंदाजे इतकी माणसं, तिकीट नाही, देणगी नाही, जाहिरात नाही, एकदाच दाखवणार आणि नंतर फाइल पुसून टाकणार. आणि खरंच पुसा. हो आलं की तो मेल प्रिंट काढून फाइलला लावा, कोणी विचारलं तर दाखवता येतो. दिग्दर्शक फोनवर दहा मिनिटं लोकांशी बोलायला तयार असेल तर सोन्याहून पिवळं. माहितीपट हवे असतील तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचा मोठा जुना साठा आहे, ती संस्था २०२२ ला एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) विलीन झाली, त्यामुळे विचारणा आता एनएफडीसीकडे करायची. मासेमारी, हातमाग, लोककला असे विषय आपल्या लोकांना फार आवडतात, पडद्यावर आपल्यासारखीच माणसं दिसली की मागून लगेच चर्चा सुरू होते.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. दुपारी पोरं येणारच, तेव्हा यू (सगळ्यांसाठी) किंवा खालच्या वयाचं यूए (पोरांनी आईबापांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं). २०२४ पासून यूए ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत, ते फलकावर लिहा म्हणजे आयांना आधीच कळेल. आणि निवडणाऱ्याने सिनेमा आधी पूर्ण बघितलेला असावा, अर्धा नव्हे. बायकांना दुपारी रडवणारंच लागतं असं धरून चालू नका, थरारक, विनोदी, सगळं बघतात त्या. आमच्याकडे एक आजी प्रत्येक खेळानंतर दारात थांबून विचारतात, “मगे बाबा, फुडचो कधी? आणि मारामारीचो लाव रे एखादो.”

लोकांना बोलवायचं तर नुसता व्हॉट्सॲपवर फोटो टाकून होत नाही. ज्यांना बोलवायचंय त्यांच्याकडे बऱ्याचदा तो फोन नसतो, सुनेकडे असतो. रेशन दुकान, एसटी थांबा, दूध डेअरी, पिठाची गिरण इथे हाताने मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद लावा. अंगणवाडी ताई, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा, या तिघींना प्रत्यक्ष भेटून सांगा, निम्मं सभागृह त्याच भरतात. कागदावर सिनेमा किती वाजता सुटणार ते सुरू होण्याच्या वेळेइतकंच ठळक लिहा, कारण घरातून निघताना बाईला पहिला प्रश्न तोच विचारला जातो. वरच्या वाडीतल्या ज्येष्ठांसाठी रिक्षावाल्याशी बोलून एक फेरी ठरवा, दहा जण मिळून परवडते.

त्या दिवशी फाइल लॅपटॉपमध्ये उतरवलेलीच पाहिजे, गावातल्या रेंजवर स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नका. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा, आणि पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्याच्यात जात नाही, हे आदल्या दिवशीच तपासा. सिनेमा त्याच मशीनवर सुरुवातीला, मधे आणि शेवटी दोन-दोन मिनिटं चालवून बघा, सबटायटल जुळतंय का बघा, नोटिफिकेशन, अपडेट, स्क्रीन झोपणं सगळं बंद करा. एकाने मशीनजवळ बसायचं आणि दुसऱ्याने मागच्या रांगेत, मागच्याचं काम फक्त आवाज आणि चित्र बघून खूण करायची. दोन्ही कामं एकाने करू नयेत, मशीनजवळ सगळं चांगलंच ऐकू येतं.

सुरुवातीला दोन मिनिटांत सिनेमाचं नाव, साल, किती वेळ, बाहेर जायची वाट कुठली, संडास कुठे, एवढं सांगा. हार-तुरे, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण नको, वेळ बायकांचा आहे. मध्यंतर दोन प्रसंगांच्या मधे येईल असं आधी शोधून ठेवा, वाक्य अर्धवट तोडू नका. चहा किंवा कोकम सरबत पुरे, ते सिनेमा लावणाऱ्या आपल्या गटातल्या कोणी आळीपाळीने करावं आणि साखर-दुधाचा खर्च वर्गणीतून, दारात दानपेटी ठेवू नका. पेटी असली की ज्याच्याकडे पैसे नसतात तो बाहेरूनच मागे फिरतो, आणि निर्मात्याला आपण देणगी नाही असं लिहून दिलेलं असतं.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका, नावं वर जाऊ द्या, मग आधी मागचा एक दिवा. चर्चा करायची असेल तर “कसा वाटला” असं विचारू नका, सगळे “चांगला” म्हणतात आणि उठतात. एखाद्या पात्राचं नाव घेऊन विचारा की त्या थोरल्या सुनेने घर सोडलं ते बरोबर केलं का, मग बघा. ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या, उरलेले दहा जण छान बोलतात. पुढच्या महिन्याची तारीख आणि सिनेमाचं नाव मात्र सगळे बसलेले असतानाच सांगून टाका, आणि कोणाला कुठला हवा ते एका वहीत लिहून घ्या.

आवरताना प्रोजेक्टर पूर्ण थंड होईपर्यंत प्लग काढू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून तो कापडी पिशवीत तसाच कपाटात न टाकता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि पावसाळ्यात खेळ असो नसो, पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास चालवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते बाहेर काढून तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, त्या तव्यावर नंतर भाकरी मात्र भाजू नका. पिनांवर गंज चढतो, वायरी सुक्या फडक्याने पुसून मगच गुंडाळा. पुठ्ठे आणि मल्चिंग पेपर एकत्र बांधून सभागृहातच ठेवायला जागा मागून घ्या, आणि किल्ली कोणाकडे आहे ते निदान तिघांना माहीत असू दे.